वस्तूचा सातबारा: आफ्रिकी कला विकणारी गॅलरी नेमकं काय करते?

१८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहरातला राजवाडा लुटला. हे शहर आजच्या नायजेरियात आहे. पितळी पट्ट, मस्तकं, कोरलेले हस्तिदंत अशा हजारो वस्तू तिथून निघाल्या आणि युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत जाऊन बसल्या. आता त्यांचा परतीचा प्रवास सुरू झाला आहे. २०२२ मध्ये जर्मनीने आपल्याकडच्या वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. जून २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या.

या बातम्या वाचताना एक प्रश्न हमखास पडतो. राजवाड्यातली लूट कळली, पण दुकानांत रांगेने टांगलेल्या शेकडो आफ्रिकी मुखवट्यांचं काय? ते चोरीचे, रीतसर विकत घेतलेले, की गेल्याच महिन्यात कोरलेले? आणि हे ठरवायचं कोणी?

ठरवण्याचं बरंचसं काम गॅलरिस्टचं असतं. कलावस्तू दाखवणारा, विकणारा आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी घेणारा माणूस म्हणजे गॅलरिस्ट. यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा, आणि बाजारात नेमका तोच गळतो. हे काम आयुष्यभर करणाऱ्यांत नैरोबीची एक जोडी फार मोठी आहे: जोसेफ मुरुम्बी आणि ॲलन डोनोव्हन. त्यांच्या गॅलरीचं नाव आफ्रिकन हेरिटेज.

गोव्याचे वडील, मसाई आई

मुरुम्बी यांचा जन्म १९११ चा, केनियातल्या एल्दामा रविन गावातला. वडील पीटर झुझार्ते हे गोव्याहून गेलेले व्यापारी, आई तिथल्या मसाई या पशुपालक समाजातली. मुलाला लहानपणीच भारतात पाठवलं. त्याची शाळा झाली बेंगळुरू आणि बेल्लारीत. केनियात परतल्यावर पुढे त्यांनी आईकडचं मुरुम्बी हे नाव लावलं. ते स्वातंत्र्य चळवळीत उतरले आणि १९५० च्या दशकात त्यांना लंडनमध्ये राहावं लागलं. तिथे मोरोक्कोच्या दूतावासात नोकरी करत असताना आफ्रिकेवरची जुनी पुस्तकं आणि वस्तू जमवण्याचा त्यांचा नाद वाढला. स्वतंत्र केनियाचे ते परराष्ट्रमंत्री झाले. १९६६ मध्ये काही महिने उपराष्ट्रपती होते आणि त्याच वर्षी पदावरून बाजूला झाले. त्यांचे जवळचे मित्र पियो गामा पिंटो हेही मूळ गोव्याच्याच कुटुंबातले. १९६५ च्या फेब्रुवारीत नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली होती.

डोनोव्हन अमेरिकन. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्रा प्रांताच्या युद्धाच्या काळात मदतकार्यासाठी ते तिथे आले, सरकारी नोकरी सोडली आणि फोक्सवॅगन बसने आफ्रिका पालथी घालत १९७० मध्ये केनियात पोचले. उत्तरेच्या वाळवंटी भागात तुर्काना लोक राहतात. त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू डोनोव्हन यांनी जमवल्या आणि नैरोबीत मांडल्या. तिथून मुरुम्बींशी गाठ पडली, आणि १९७२-७३ मध्ये दोघांनी मिळून गॅलरी काढली. काही वर्षांनी ती आगीत जळाली. त्यांनी ती पुन्हा उभी केली.

ही गॅलरी एका देशापुरती नव्हती. पश्चिम आफ्रिकेचं विणकाम, इथिओपियाची चांदी, केनियाचं कोरीवकाम एका छताखाली दिसायचं, सोबत दागिने घडवणारी कार्यशाळा, कपड्यांचे आणि संगीताचे कार्यक्रम. पुढे जगभर नाव कमावलेले संगीतकार अयुब ओगादा यांनी सुरुवातीला उभा केलेला वाद्यवृंदही याच नावाचा: आफ्रिकन हेरिटेज बँड.

उशाला घ्यायचं लाकूड

तुर्काना वस्तूंमधली एक जवळून पाहू. तिला एकिचोलोंग म्हणतात. एका अखंड लाकडातून कोरलेलं वीतभर उंचीचं बैठं स्टूल. खाली पाया, मध्ये बारीक दांडा, वर किंचित वाकलेली अरुंद फळी, आणि हातात धरून नेण्यासाठी चामड्याची वादी. दिवसा बसायला, रात्री उशाला. तुर्काना पुरुष केसांना माती लिंपून त्यांत शहामृगाची पिसं खोवत. ती रचना झोपेत मोडू नये म्हणून मान या फळीवर टेकायची आणि डोकं अधांतरी ठेवायचं.

खरं वापरलेलं एकिचोलोंग हातात घेतलं की फळीच्या मधोमध, मान टेकते तिथे, घाम आणि चरबी मुरून काळपट तकाकी आलेली दिसते. कडांना ती कमी असते. वादी जिथे लाकडाला घासते तिथे बारीक खोबण पडलेली असते. पायाची खालची बाजू वाळूने झिजून बोथट झालेली असते. पर्यटकांसाठी केलेल्या स्टुलावर तकाकी सगळीकडे सारखी असते, कारण ती एकाच फडक्याने चोपडलेली असते.

दुकानात याच वस्तूला क्युरिओ म्हणतात. क्युरिओ म्हणजे गंमत म्हणून घरी न्यायची वस्तू, जिला गाव नाही, करणाऱ्याचं नाव नाही, उपयोग नाही. आकार तोच, लाकूड तेच. तिच्यासोबत 'कोणी, कुठे, कशासाठी, कधी' याची चार वाक्यं आली की ती वारसा होते. ही चार वाक्यं जपणं हेच गॅलरिस्टचं खरं काम आहे. विक्री हा त्याचा खर्च भागवण्याचा मार्ग.

प्रोव्हनन्स म्हणजे सातबारा

या चार वाक्यांना कलाबाजारात प्रोव्हनन्स म्हणतात. जमिनीच्या सातबाऱ्यासारखीच ही चीज: आज मालकी कोणाची, आधी कोणाची होती, हस्तांतर केव्हा आणि कशाने झालं. फेरफाराच्या नोंदींची साखळी मध्येच तुटली तर जमीन घेणारा सावध होतो. इथेही तसंच व्हायला हवं.

नीट ठेवलेल्या फाइलमध्ये वस्तूचे सगळ्या बाजूंनी काढलेले, शेजारी मोजपट्टी ठेवलेले फोटो असतात. तळाचा आणि आतल्या बाजूचा फोटो कधीच चुकवायचा नसतो. उंची, रुंदी, खोली, वजन. साहित्य काय, कोरलेलं की ओतलेलं. कुठे तडा, टवका, जुनी दुरुस्ती. या खुणा सर्वांत महत्त्वाच्या, कारण चोरीला गेलेली वस्तू ओळखायला त्याच उपयोगी पडतात. मग करणाऱ्याचं नाव, गाव, समाज, स्थानिक भाषेतलं वस्तूचं नाव, कोणाकडून किती रकमेला आणि कोणत्या तारखेला घेतली, पावती, निर्यात परवाना.

चूक बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी होते. गावातून पन्नास वस्तू घेतल्या, गाडीत भरल्या, 'नैरोबीला गेल्यावर लिहू' म्हटलं, की तिथे पोचेपर्यंत कोणती कोणाची हे विसरलेलं असतं. म्हणून वस्तू हातात आल्याआल्या सुती दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधायची आणि तोच क्रमांक वहीत लिहायचा. चिकटपट्टी लावायची नाही. तिचा डिंक लाकडात मुरतो आणि काढताना वरचा थर सोबत येतो.

केनियाच्या २००६ च्या कायद्यानुसार १८९५ पूर्वी तिथे घडलेल्या किंवा तिथे आणलेल्या वस्तू पुरावस्तू ठरतात, आणि परवान्याशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यापार रोखणारा युनेस्कोचा करार १९७० चा. त्यामुळे जबाबदार खरेदीदार निदान १९७० पासूनची साखळी मागतो.

अर्धे पैसे गॅलरी खाते, ही लूटच नाही का?

ही शंका रास्त आहे. बाजार समितीचं उदाहरण घेऊ. अडत्या शेतकऱ्याचा माल स्वतः विकत घेत नाही. माल शेतकऱ्याचाच राहतो, अडत्या विकून देतो आणि आपली आडत कापून घेतो. गॅलरीतही कलाकाराचं काम असंच ठेवलं जातं. फरक टक्केवारीत. कलेच्या बाजारात निम्मी रक्कम गॅलरीने ठेवणं सर्रास चालतं.

टोमॅटो दुपारपर्यंत विकला जातो. शिल्प दोन वर्षं भिंतीशी उभं राहतं. त्या काळातलं भाडं, दिवे, विमा, रखवालदार, छापील माहितीपत्रक, परदेशात न्यायची लाकडी पेटी, हे सगळं त्या निम्म्यातून जातं. समजा शिल्प २०,००० शिलिंगला (केनियाचं चलन) विकलं. कलाकाराला १०,००० मिळतात, आणि शिल्पाखाली त्याचं नाव असल्यामुळे पुढचं शिल्प जास्त किमतीला जाऊ शकतं. क्युरिओवाला तेच शिल्प रस्त्याकडेला १,००० ला रोख घेतो. कोरणाऱ्याला त्याच संध्याकाळी पैसे मिळतात, पण नाव तिथेच संपतं. पुढच्या वेळीही भाव १,००० च, कारण शेजारचा ९०० ला द्यायला तयार असतो.

रोखीची ओढ समजण्यासारखी आहे. घरी पीठ नसेल तर दोन वर्षं कोण थांबणार? म्हणून ज्या गॅलरीला कलाकार टिकवायचे असतात ती सगळा माल आडतीवर घेत नाही. काही माल रोखीने घेते, ठराविक मागणी आगाऊ नोंदवते, लाकूड किंवा मणी आणायला उचल देते. आफ्रिकन हेरिटेजची दागिन्यांची आणि कापडाची बाजू इथेच कामाला आली. महागडं शिल्प वर्षातून एखादं जाईल, माळा रोज जातात.

त्या माळांमध्ये आपल्या ओळखीचा माल असतो. गुजरातेतल्या खंबातचे तांबडे अकीक मणी शतकानुशतकं गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरत होते. आफ्रिकी म्हणून ओळखले जाणारे बरेचसे काचमणी व्हेनिस आणि बोहेमियातून आलेले. मग माळ आफ्रिकी कशी? ओवण्याची रीत, रंगांचा क्रम आणि ती कोणी केव्हा घालायची याचे संकेत तिथले आहेत. पैठणीचं रेशीम कुठून आलं यावर पैठणी ठरत नाही.

गॅलऱ्यांनीच वारसा देशाबाहेर घालवला, त्याचं काय?

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. केनियाच्या किनारपट्टीवर मिजिकेंडा लोक राहतात. त्यांच्यात गोहू नावाच्या मंडळातला मानाचा माणूस गेला की त्याच्या नावाने कोरलेला, माणसाच्या आकाराचा लाकडी खांब उभारतात. एक असेल तर किगांगो, अनेक असतील तर विगांगो. तो स्मारक म्हणून जागीच राहायचा असतो. ऊन-पावसात झिजला, वाळवीने खाल्ला, तरी हलवायचा नाही.

१९७० च्या दशकापासून हे खांब चोरीला जाऊ लागले. रात्री उपटायचे, क्युरिओ दुकानात द्यायचे, तिथून अमेरिकेत. तिथले संग्राहक मोठ्या भावाने घेत आणि संग्रहालयांना भेट देत. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. विगांगोच्या बाबतीत तो रकाना मृताच्या आणि त्याच्या कुळाच्या नावाने भरलेला होता. विकणाऱ्याला विकायचा हक्कच नव्हता, मग पावती कितीही कोरी करकरीत असो.

१९८५ मध्ये मोनिका उडवार्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एका घरासमोर अशा दोन खांबांचा, शेजारी कुटुंबप्रमुख उभा असलेला फोटो काढला. थोड्याच दिवसांत दोन्ही खांब चोरीला गेले. अनेक वर्षांनी एक खांब त्यांना अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या एका विद्यापीठ संग्रहालयाच्या संग्रहात दिसला. फोटोतल्या खुणा जुळल्या आणि २००७ मध्ये तो किगांगो त्या कुटुंबाकडे परत गेला. एका तारखेच्या, एका फोटोने हे घडलं.

अमेरिकेतल्याच डेनव्हर शहराच्या संग्रहालयाने ३० विगांगो परत द्यायचं ठरवलं तेव्हा उलट अडचण आली. कोणता खांब कोणत्या घराचा, याची एकही नोंद नव्हती. ते २०१९ मध्ये केनियाला पोचले, पण घरी नाही. चोरीपेक्षाही हा विसर जास्त नुकसान करतो, कारण चोरी परत करता येते.

त्यामुळे चांगल्या गॅलरिस्टची ओळख तो काय विकतो यापेक्षा काय नाकारतो यावर ठरते. थडग्यावरचं, देवघरातलं, आणि ज्याच्या विक्रीला एकट्या माणसाची संमती पुरेशी नाही असं काहीही नाकारायचं. विकायलाच घडवलेल्या वस्तू विकायच्या, आणि उरलेलं देशातच एकत्र ठेवायचं. मुरुम्बी यांनी हा दुसरा मार्ग धरला होता. स्वतःच्या संग्रहासाठी परदेशातून आलेल्या मागण्या बाजूला ठेवून तो त्यांनी केनिया सरकारला सवलतीच्या किमतीत दिला.

जुनं म्हणून विकलेलं नवं

ताजा मुखवटा जुना करायला फार कष्ट नसतात. चहाच्या पाण्यात किंवा पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवायचा, धुरावर टांगायचा, काही आठवडे वारुळाजवळ पुरायचा. फसवणूक पकडायला आतली बाजू बघायची. खरा वापरलेला मुखवटा आतून कपाळ आणि गाल लागतात तिथे गुळगुळीत आणि गडद होतो. कडेच्या भोकांतून दोरी ओवलेली असते, ती दोरी ओढली जाते त्याच बाजूला भोक लांबट झिजतं. नव्या मुखवट्याची भोकं गिरमिटाने पाडलेली, गोल आणि एकसारखी.

काळ्या लाकडातली फसवणूक अधिक सोपी. टांझानिया आणि मोझांबिकच्या सीमेवरचे माकोंडे कारागीर म्पिंगो नावाच्या झाडात कोरतात. आपल्या शिसवाच्याच कुळातलं झाड. त्याचा गाभा जवळजवळ काळा, बाहेरचा थर फिकट पिवळसर आणि लाकूड इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. बाजारात मात्र हलक्या लाकडाला काळं बूटपॉलिश चोपडून तेच म्हणून देतात. ओला पांढरा रुमाल तळाशी घासावा, काळा झाला तर उत्तर मिळालं. हातात घेतल्यावर मनगटाला वजन जाणवलं पाहिजे. म्पिंगोच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे, कारण तोड फार झाली. केनियातले अकांबा कारागीर त्यामुळे आंबा, जॅकरांडा आणि कडुनिंबाकडे वळले. कडुनिंबाला स्वाहिलीत म्वारोबैनी म्हणतात. अरोबैनी म्हणजे चाळीस, कारण तो चाळीस रोगांवर चालतो अशी समजूत आहे.

भाजलेल्या मातीच्या मूर्तींसाठी प्रयोगशाळेत चाचणी होते. माती शेवटची केव्हा भाजली याचा अंदाज ती देते, पण तो अंदाज वयाच्या पाव भागाइतका मागेपुढे होऊ शकतो. शिवाय जुन्या भांड्याचा तुकडा नेमका नमुना घेतात तिथे बसवून तिलाही फसवतात. चाचणीचा कागद सातबाऱ्याची जागा घेत नाही.

हस्तिदंत मात्र कितीही सुंदर असला, जुना आहे म्हणून कितीही पटवलं, तरी घ्यायचाच नाही. १९९० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. भारतात आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही गुन्हा आहे.

लाकूड घरी आल्यावर

वस्तूखाली पिठासारखी पूड पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. रॉकेल किंवा डिझेल लावू नये, डाग कायमचे राहतात. रंग किंवा चामडं नसलेली साधी लाकडी वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, हवा काढून तोंड घट्ट बंद करावं आणि घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये. घाई केली तर थंड लाकडावर दव धरतं आणि बुरशी येते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वस्तू भिंतीपासून दोन बोटं लांब टांगावी आणि एसीच्या झोतासमोर कधीच ठेवू नये. दमट आणि कोरडं असं आलटून पालटून झालं की लाकूड गाभ्यापासून तडकतं.

माणूस गेल्यावर संग्रहाचं काय होतं

मुरुम्बी यांचं नैरोबीच्या मुथैगा भागातलं घर आणि संग्रह सरकारने घेतला, तो तिथे अभ्यासकेंद्र होईल या भरवशावर. केंद्र झालं नाही. घर दुर्लक्षित राहिलं आणि पुढे पाडलं गेलं. १९९० मध्ये मुरुम्बी वारले. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये, पिंटोंच्या जवळच त्यांचं दफन झालं. १९०० पूर्वी छापलेली त्यांची सुमारे ८,००० दुर्मीळ पुस्तकं केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

डोनोव्हन यांनी नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या काठावर मातीच्या रंगाचं घर बांधलं. मालीच्या मशिदींपासून स्वाहिली किनाऱ्यापर्यंतच्या बांधकामाच्या रीती त्यात एकत्र आणल्या. नवा रेल्वेमार्ग आखला गेला तेव्हा ते पाडलं जाण्याची वेळ आली होती, राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाल्यावर वाचलं. गॅलरी सुमारे तीस वर्षं चालून त्याआधीच बंद झाली होती. डोनोव्हन २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेले. त्याआधी मुरुम्बींच्या वस्तू पुन्हा लोकांसमोर मांडण्याचं काम त्यांनी पूर्ण केलं होतं.

त्या वस्तू आज नैरोबी गॅलरीत पाहता येतात. १९१३ मध्ये बांधलेली ही इमारत पूर्वी सरकारी कचेरी होती. शहरातल्या लोकांचे जन्म, लग्नं आणि मृत्यू यांच्या नोंदी तिथे होत असत.